अण्णांच्या घरातला कॅमेरा

"कुठला मोबाईल घेऊ?" हा प्रश्न लोकांनी मला लग्नाच्या पंगतीत विचारलाय, दहाव्याला घाटावर विचारलाय, आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरबाईंनी माझ्या तोंडात कापूस कोंबून, मशीन चालू करून विचारलाय. मी बोटांनी खुणा करून सांगितलं, बॅटरी बघा. पूर्वी याचं भारी वाटायचं. सोसायटीत, नातेवाइकांत, कंपनीत आपण म्हणजे यातले माहीतगार. कुणाचा फोन अडकला की आधी माझ्याकडे यायचे, मग दुकानात जायचे. आता कुणी विचारलं की मी सांगतो, दुकानात जा, हातात धरून बघा, खिशात मावेल तो घ्या. लोक म्हणतात, याला शिंगं फुटली.

शिंगं कसली राव, कंटाळा आलाय. आमच्या आईच्या वॉशिंग मशीनला एक गोल बटण होतं. ते पिळलं की कपडे फिरायचे. आमच्या आताच्या मशीनला वायफाय लागतं, आणि कपडे धुऊन झाले की ते मला चाकणला कंपनीत कळवतं. अरे बाबा, झाले तर झाले, मी काय चाकणवरून वाळत घालू? टीव्ही लावावा तर तो म्हणतो, थांबा, अपडेट होतोय. गॅसचं बुकिंग करा, लगेच विचारणार, अनुभव कसा वाटला, चांदण्या द्या. सिलिंडरचा काय अनुभव असतो? भीक नको पण कुत्रं आवर, असं झालंय.

आणि माणसं तर विचारू नका. कंपनीतल्या एकाचे वडील गेले. ग्रुपवर धडाधड शोकसंदेश पडले, एकापेक्षा एक सुबक. सरळ दिसत होतं की सगळ्यांनी एआयकडून लिहून घेतलेत. एकानं तर शेवटची ओळही तशीच चिकटवली होती, "हवा असल्यास हा संदेश मी अधिक भावपूर्ण करून देऊ शकतो." त्याच्याखालीही लोकांनी हात जोडले होते. ज्याचे वडील गेले त्यानंही जोडले. मी बायकोला वाचून दाखवलं आणि म्हटलं, "दोन शब्द स्वतःचे लिहायला काय जातं गं यांचं?" ती म्हणाली, "अहो, तुम्हीच यांना ते ॲप घ्यायला सांगितलं होतंत." खरं होतं.

एवढं सगळं बोलून नवीन फोन बाजारात आला की मी त्याचे व्हिडिओ बघतोच. जित्याची खोड. कपाटाचा एक खण चार्जर आणि वायरींनी भरलाय, त्यातल्या अर्ध्या कशाच्या आहेत मलाही ठाऊक नाही, पण फेकवत नाहीत. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी मेंटेनन्सला आहे. दिवसभर सेन्सर, अलार्म, स्क्रीन. घरी येऊन परत स्क्रीन.

आमच्या कंपनीच्या गेटवर एक रीत आहे, ती सांगितली पाहिजे. आत फोटो काढायचे नाहीत, म्हणून सिक्युरिटीवाला आपल्या मोबाईलच्या पुढच्या आणि मागच्या कॅमेऱ्यावर गोल स्टिकर चिकटवतो. कधी केशरी, कधी हिरवा, कधी निळा. रंग बदलत राहतो, म्हणजे कालचा स्टिकर आज चालत नाही. सुटताना तो शाबूत आहे का बघतात, मग आपण तो सोलून टाकायचा. टाकायचा कुठं? गेटबाहेरचा विजेचा खांब स्टिकरांनी भरून गेलाय. मी हेल्मेटवर चिकटवतो. आत असताना चुकून कॅमेरा उघडला की अख्खी स्क्रीन त्या दिवसाच्या रंगाची होते, दुसरं काही दिसत नाही. हे मी वर्षानुवर्षं रोज बघतोय. तुम्ही मात्र लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, देहूरोडला एकटे राहतात. तिथल्या लष्करी कारखान्यात त्यांची नोकरी झाली, तिथंच दोन खोल्यांचं बैठं घर बांधलं. आई गेली. मोठी बहीण, ताई, नाशिकला. मी चिखलीत, सातव्या मजल्यावर. अण्णांच्या शेजारी स्कूटर दुरुस्त करणाऱ्या चाचांचं गॅरेज आहे. गॅरेजच्या दारात एका जुन्या स्कूटरची सीट विटांवर ठेवलीय, ती अण्णांची जागा. संध्याकाळी तिथं बसायचं, कुणाची गाडी का बंद पडली यावर मत द्यायचं, चाचांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचं. अण्णांचं आयुष्य म्हणाल तर एवढंच उरलंय, आणि ते त्यांना पुरतं.

दिवाळीआधी अण्णा न्हाणीत घसरून पडले. फार लागलं नाही, पण बराच वेळ उठता आलं नाही. चाचांनी आवाज ऐकला म्हणून बरं. ताई नाशिकहून धावत आली, रडली, आणि मला म्हणाली, "त्यांना आता एकटं ठेवायचं नाही. तू घेऊन जा." तिचं चूक नव्हतं. माझीही तयारी होती. अण्णांची नव्हती.

"मी न्हाई यायचा," अण्णा म्हणाले. "मागं आलो तवा बघितलं म्या."

मागं ते आठवडाभर आमच्याकडे राहिले होते. एका दुपारी दूध आणायला खाली उतरले आणि परत येताना गेटवर नव्या वॉचमननं अडवलं. कुणाकडे जायचंय? अण्णांनी माझं नाव सांगितलं. त्यानं ॲपवरून मला विचारलं, या पाहुण्यांना आत सोडू का? मी चाकणला मशीनखाली आडवा झालेलो, फोन लांब बाकावर. बायको बँकेत. अण्णा दुधाची पिशवी घेऊन उन्हात उभे. शेवटी आमच्या मजल्यावरच्या एका बाईंनी ओळखलं आणि वर आणलं. ते ॲप सोसायटीत आणा म्हणून मीटिंगमध्ये भांडलो होतो मीच. संध्याकाळी अण्णा एवढंच म्हणाले, "पोराच्या घरात शिराया पोराची परवानगी लागती व्हय रे?" दुसऱ्या दिवशी पिशवी भरून देहूरोडला गेले.

तर ते येणार नाहीत, आणि ताई मागे लागलेली. मला सुचून सुचून काय सुचणार? मी म्हटलं, कॅमेरा लावू. गोल डोक्याचा, वायफायवाला, फोनवर कुठूनही दिसणारा, घरात कुणी हललं की मेसेज पाठवणारा. अण्णांना समोर बसवून मी सरळ करारच केला.

"हे बघा अण्णा, तुम्ही आम्हाला ठीक दिसताय तोवर तुम्हाला इथून कुणी हलवणार नाही. माझा शब्द. पण परत पडलात आणि ते आम्हाला दिसलं, तर कुरकुर न करता बॅग भरायची आणि चिखलीला यायचं."

अण्णांनी कॅमेऱ्याकडे बघितलं. "म्हंजी तुमास्नी दिसलं तर?"

"हो. दिसलं तर."

"बरं," ते म्हणाले. एवढ्या पटकन म्हणाले की मला आनंदच झाला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वडलांना मी एखादं यंत्र पटवून दिलं, असं वाटलं.

कॅमेरा टीव्हीच्या फळीवर बसवला. त्यात त्यांची कॉट दिसायची, खुर्ची, दार आणि स्वयंपाकघराची अर्धी चौकट. चहाच्या सुट्टीत मी उघडून बघायचो, तिकडे ताई बघायची. आणि काय सांगू, अण्णा एकदम झकास दिसायला लागले. एरवी घरात दिवसभर बनियनवर असणारा माणूस, आता इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत ताठ, हातात पेपर. ताईचा मेसेज, "अण्णा किती फ्रेश दिसतात रे!" मी त्याचा फोटो काढून आमच्या गॅजेटवाल्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं, आईवडलांची काळजी अशी घ्या. अंगठ्यांचा पाऊस पडला. एकानं विचारलं, त्यांना आवडतं का असं सतत कुणी बघितलेलं? त्याच्याशी मी तासभर वाद घातला. अशा लोकांना ग्रुपमध्ये घेतं कोण, असंही म्हणालो.

रविवारी मी जायचो. जायचो म्हणजे काय, कॅमेऱ्याच्या मागं राउटरपाशी बसून सेटिंग करत राहायचो. अण्णा समोर बसून माझं हेल्मेट मांडीवर घ्यायचे आणि नखानं स्टिकर सोलायचे. "काय ही घाण करून ठेवलीयस रे," म्हणायचे. एकेक स्टिकर अलगद, न फाडता काढायचे. मला वाटायचं, बिचाऱ्याला हाताला काम हवंय. मी वायर ओढत म्हणायचो, "काढा, काढा."

मग एका सकाळी चाकणला चहा पिताना मी ॲप उघडलं, तर सगळं केशरी. कॉट नाही, खुर्ची नाही, नुसता केशरी प्रकाश. फोन केला तर अण्णा आरामात बोलले, "मी बरा हाय. मशिनच बिघडलं आसंल तुजं." दुपारी परत बघितलं तर चित्र स्वच्छ, अण्णा शर्टात, हातात पेपर.

झालं, मला काम मिळालं. बिघाड अधूनमधून येतो म्हणजे आतलं सॉफ्टवेअर. मी इंटरनेटवर शोधलं. जगभरचे लोक आपापल्या कॅमेऱ्यांना शिव्या घालत होते, कुणाचं चित्र गुलाबी, कुणाचं जांभळं. मी अपडेट मारला. आठवड्याने चित्र हिरवं झालं. मी सगळं पुसून पहिल्यापासून बसवलं. परत केशरी. च्यायला, म्हटलं, हे मशीन आपलं ऐकणार नाही. कंपनीला तक्रार केली, त्यांच्या चॅटवर कुणीतरी, माणूस की यंत्र देव जाणे, मला म्हणालं, आम्ही तुमची भावना समजू शकतो. मी रागानं दुसरा, महागातला कॅमेरा मागवला. रविवारी तो बसवताना जुन्याची काच बघितली तर चिकट. मी अण्णांना व्याख्यान दिलं, "फोडणीचा चिकटा बसतोय अण्णा. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट लावायला पाहिजे."

"व्हय, आसंल," अण्णा म्हणाले आणि हेल्मेटवरचा स्टिकर सोलत राहिले.

नवीन कॅमेराही निळा झाला.

तो दिवस कामाचा होता. सकाळपासून चित्र निळं, आणि अण्णा फोन उचलत नव्हते. ताईचे फोनवर फोन. "अरे, बघ ना काय झालंय. तू तिथून काहीतरी कर ना, तुला येतं ना सगळं?" मी म्हटलं, "अगं, सर्व्हरचा प्रॉब्लेम असेल." तिचा फोन ठेवला आणि चाचांचा नंबर लावला, तो नुसता वाजत राहिला. त्यात आमची लाइन बंद पडलेली, सुपरवायझर डोक्यावर उभा. मशीनच्या पोटात अंधार होता म्हणून मी मोबाईलचा टॉर्च लावायला गेलो आणि घाईत बोट कॅमेऱ्याच्या बटणावर पडलं.

स्क्रीन निळी झाली. अगदी तसलीच. मी ॲप उघडलं, निळं. परत फोनचा कॅमेरा उघडला, निळा. तोच निळा, कडेला तीच फिकट गोलाई. मशीनखाली उताणा पडून मी येड्यासारखा इकडून तिकडे बघत राहिलो. रोज सकाळी गेटवर माझ्या डोळ्यांदेखत लावतात तो स्टिकर, आणि मी महिनाभर सॉफ्टवेअर शोधत होतो. एवढा मोठा शहाणा, आणि वडलांनी माझ्याच हेल्मेटवरचा माल माझ्याच डोळ्याला लावला.

आधी हसू आलं. मग असा संताप आला की काय सांगू. एवढं करतोय मी, आणि म्हातारा माझी मजा घेतोय? आणि मग एकदम सगळं थंड झालं. मजा घेणारा माणूस फोन का उचलत नाही?

गेटपास काढला आणि निघालो. चाकणच्या तळेगाव चौकात कंटेनर आडवा, ना पुढे ना मागे. फोनवरचा नकाशा मला दर मिनिटाला शांतपणे सांगत होता, उशीर होईल. मी त्याला मोठ्यानं शिवी दिली. शेजारच्या टेम्पोवाल्याला वाटलं त्यालाच दिली, तो म्हणाला, "माझ्यावर का खेकसतो भावा, मी पण अडकलोय." मोशी, निगडी, पुढं देहूरोड. वाटेत जे जे मनात आलं ते इथं लिहीत नाही. ज्यांचे आईवडील एकटे राहतात त्यांना ठाऊक आहे.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत अण्णा कॉटला पाठ टेकून जमिनीवर बसलेले, अंगात बनियन, दाढी वाढलेली. शेजारी जमिनीवरच चाचा, त्यांच्या हाताला ऑइल. दोघांच्या मधे चहाचे दोन कप. वर फळीवर अण्णांचा मोबाईल वाजत होता, ताईचा असणार. दोघंही त्याच्याकडे न बघता बसले होते.

मला बघून चाचांनी सुस्कारा सोडला. "आ गए, अच्छा हुआ. सकाळपासून सांगतोय, मुलाला फोन लावा. ऐकेचनात. मला पण उचलू देईनात."

"त्याला खोटं बोलाया येत न्हाई," अण्णा म्हणाले. "आवाजावरनं कळलं आस्तं तुला."

कुठं मोडलं नव्हतं, लागलं नव्हतं. पायात जोरच नव्हता. कॉटवरून उठताना खाली घसरले होते. चाचांचे स्वतःचे गुडघे गेलेले, त्यांच्यानं अण्णा उचलवत नव्हते आणि बाहेरचा माणूस अण्णा बोलवू देत नव्हते. म्हणून दोघं थोडं थांबायचे, परत प्रयत्न करायचे, मधे चाचा चहा करून आणायचे. हे पहिल्यांदा नव्हतं. चाचांनी सगळं सांगून टाकलं, जसं काही त्यांच्याच छातीवरचं ओझं उतरत होतं. अण्णांचे पाय महिन्याभरापासून असे आहेत. एखादा दिवस चांगला, एखादा वाईट. रोज झोपण्याआधी ते कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. सकाळी उठून पाय कसे आहेत बघतात. चांगले असले तर शर्ट घालतात, स्टिकर काढतात आणि खुर्चीत जाऊन बसतात. वाईट असले तर भिंत धरून, कधी रांगत, जे काय करायचं ते करतात आणि पाय सुधारेपर्यंत स्टिकर तसाच ठेवतात.

मी खिडकीच्या चौकटीकडे बघितलं. आतल्या बाजूला, पडद्यामागं, माझे स्टिकर ओळीनं लावून ठेवले होते. केशरी, हिरवे, निळे, एकही फाटलेला नाही.

"अण्णा," मी ओरडलोच, "हे काय चालवलंय तुम्ही? काही झालं असतं म्हणजे? आम्ही तिकडे तुम्हाला शर्टात बघून खूश होतोय, आणि तुम्ही इथं रांगताय? आम्हाला काय काळीज नाही?"

"आरडू नगं," ते म्हणाले. "तूच म्हनला हुतास. दिसलं तर न्यायचं. म्हनून न्हाई दिसू दिलं."

माझाच शब्द, माझीच अट. मी हेल्मेट टाकलं आणि त्यांच्यासमोर खाली बसलो, आणि मला रडू आलं. कंपनीच्या निळ्या ड्रेसात, हाताला ग्रीस, बायकोसमोरही कधी रडलो नाही असा. चाचा उठून बाहेर गेले. अण्णांनी चहाचा कप बाजूला सरकवला.

"आता दिसलं तुला," ते म्हणाले. "शब्द म्हंजी शब्द. कॉटखाली बॅग हाय, काढ."

मी वाकून ओढली. आईची जुनी चेनची बॅग. मी म्हटलं, "यात काय भरू?" ते म्हणाले, "भरलेली हाय." उघडली तर धोतरं, टॉवेल, औषधाच्या पट्ट्या, सगळं. कॅमेरा बसवला त्याच दिवशी भरून ठेवली होती. सगळ्यात वर चिखलीच्या घराची किल्ली, मीच कधीतरी दिलेली, दोऱ्यात ओवून. नुसते इस्त्रीचे शर्ट त्यात नव्हते. ते बाहेर खुंटीला होते, कारण ते रोज लागायचे.

ती बॅग मांडीवर घेऊन मी बसलो. त्यांना उचलून न्यायला मला कुणी अडवणार नव्हतं, आता तर तेसुद्धा नाहीत. सातव्या मजल्यावर नेलं असतं, लिफ्टमध्ये कडी धरून उभे राहिले असते, गेटवर त्यांचा फोटो रहिवासी म्हणून चढवला असता. सगळं नीट झालं असतं. आणि संध्याकाळी बसायला विटांवरची ती सीट नसती. मी एवढा दमलो होतो की मला हुशारीचं काही सुचेना, आणि बहुतेक म्हणूनच साधं सुचलं. मी बायकोला फोन लावला आणि झालं ते सांगितलं. ती आधी अण्णांचं विचारत राहिली, जेवलेत का, डॉक्टरला दाखवलं का. मग म्हणाली, "तुम्हीच जाऊन राहा की तिथं. कंपनी तिथूनही तेवढीच लांब. नाहीतरी घरात असता तेव्हा मोबाईलमध्येच असता. मी शनिवार-रविवार येत जाईन." लागलं, पण खोटं नव्हतं.

मी चेन लावली आणि बॅग परत कॉटखाली सरकवली.

"काय रं?" अण्णा म्हणाले.

"तुमची राहू द्या. संध्याकाळी माझी घेऊन येतो. उद्या सुट्टी टाकतो, आधी पाय डॉक्टरला दाखवायचे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आनंद झाला की राग आला, त्यांच्या चेहऱ्यावरून आयुष्यात कधी कळलं नाही, तेव्हाही कळलं नाही. "कॉट एकच हाय," ते म्हणाले. मी म्हटलं, "मी खाली झोपेन." "खाली झोपलास तर मला उठवनार कोन?" ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो. मग त्यांनी फळीकडे हात केला. "काढ ते चिटकवलेलं. आता काय लपवायचं ऱ्हायलंय."

मी उठून स्टिकर सोलला. सवयीनं हेल्मेटवर लावायला गेलो, मग नको वाटलं, खिशात टाकला. अण्णांसमोर बसलो, पाठ त्यांच्याकडे केली. "हात नगं देऊस," ते म्हणाले, "खांदा दे." त्यांनी माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि सगळा भार टाकला. मी हळूहळू गुडघ्यावर आलो, ते माझ्यामागून वर येत होते. त्यांचा श्वास माझ्या कानाशी लागत होता. मधे एकदा थांबलो. मी म्हटलं, "बसायचं का परत?" ते म्हणाले, "न्हाई." मग परत वर. शेवटी आम्ही दोघं उभे राहिलो आणि मी त्यांच्याकडे वळलो, ते मला धरून, मी कॉटला धरून.

खिशात फोन थरथरला, कॅमेऱ्याचा मेसेज, घरात हालचाल आढळली. लगोलग ताईचा फोन आला. मी कसाबसा उचलला आणि कानाला लावला, तर ती रडत होती, ओरडत होती, दोन्ही एकदम.

"अरे, आलं चित्र! अण्णा दिसतायत, उभे आहेत! पण त्यांनी कुणाला धरलंय? पाठमोरा आहे, निळ्या कपड्यात. घरात कोण शिरलंय रे? ओळखीचा वाटत नाही. कोण आहे तो?"

"मी आहे गं, ताई," मी म्हटलं.